तासाला बाराशे

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या संत्र्याच्या बगिच्यात भाड्याचा जेसीबी घातला, तेव्हा मी मोबाईल हातात धरून बांधावर उभा होतो. लोकांना वाटलं, मास्तर फोटो काढतोय. मी वेळ पाहत होतो. तासाला बाराशे रुपये, म्हणजे मिनिटाला वीस. ऑपरेटर मध्येच खाली उतरला, खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी काढली, निवांत घोटली, चिमूट तोंडात टाकली आणि परत चढला. चार मिनिटं. ऐंशी रुपये. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, असले हिशेब डोक्यात आपोआप होतात.

काम तसं साधं होतं. झाडांच्या दोन ओळींमधून अडीच फूट खोल चर काढायचा. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकडची आमची माती काळी आणि भारी, पाणी धरून ठेवणारी. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, ती मानवते. संत्र्याला मात्र पायाशी साचलेलं पाणी चालत नाही. पावसाळ्यात आठ-आठ दिवसांची झड लागली की ओल्या मातीत फायटोप्थोरा नावाची बुरशी माजते, मुळं कुजतात, आणि बुंध्याच्या सालीतून डिंक ओघळायला लागतो. आम्ही त्याला डिंक्या म्हणतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी अशी बोर्डो पेस्ट करून आम्ही दरवर्षी बुंधे रंगवतो. निळसर पांढरे मोजे घातलेली झाडं दिसतातही छान. पण मोजे घालून कोणी डबक्यात उभं राहत असेल तर त्याचा उपयोग किती?

म्हणून चर. झाडं अठरा बाय अठरा फुटांवर लावलेली, वय पंधरा वर्षं, त्यामुळे फांद्या दोन्ही बाजूंनी वाढून मध्ये जेमतेम आठ-नऊ फूट मोकळं. जेसीबी साडेसात फूट रुंद. बाजूचे पाय टेकवायचे, मागचा हात फिरवायचा, माती टाकायची, सगळं त्या आठ-नऊ फुटांत. ‘जरा हळू घे गा’ असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. हळू घेतलं तर दोन तास वाढले असते. मी बोललो नाही. संध्याकाळपर्यंत तीन झाडांच्या मोठ्या फांद्या गेल्या होत्या आणि एक झाड दुबेळक्यातून उभं चिरलं होतं. ते पुढच्या वर्षी वाळलं. त्या पोराला मी कधी दोष दिला नाही. तो माझ्या घड्याळावर चालत होता.

मशीन घ्यायचं खूळ तिथं डोक्यात शिरलं.

अकोल्याकडच्या एका नर्सरीवाल्याकडे चिनी बनावटीचं सेकंड हँड छोटं मशीन होतं. वजन साधारण एक टन, रुंदी तीन फूट, एका सिलिंडरचं दहा हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, रबरी पट्टे, डोक्यावर पत्र्याचं छप्पर आणि केबिन नाही. फूटभर रुंदीची बकेट, पाच फूट खोलीपर्यंत पोचणारी. सव्वाचार लाखांत सौदा झाला. पिकअपमधून ते गावात आलं तेव्हा पांदणीवर पोट्ट्यांची गर्दी झाली. बाबा काठी टेकत आले, मशीनभोवती एक चक्कर मारली, पट्ट्यावर काठीनं दोनदा ठोकलं आणि म्हणाले, “हे त जेसीबीचं पिलू हाये बापा.” मग किंमत विचारली. ऐकून बराच वेळ गप्प. “येवढ्यात तीन बैलजोड्या आल्या असत्या.”

तेव्हापासून गावात त्याचं नाव पिलू.

तसं आमच्याकडे माती उकरणाऱ्या कोणत्याही पिवळ्या वस्तूला चाकं असली तर जेसीबी म्हणतात आणि पट्टे असले तर पोकलेन. पहिलं नाव जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाच्या आद्याक्षरांवरून आलेलं, दुसरं पोक्लेन या फ्रेंच कंपनीवरून. जलयुक्त शिवारची कामं निघाली, २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आलं, आणि नाल्यानाल्यात ही यंत्रं उतरली, तेव्हा हे दोन शब्द आमच्या आयाबायांच्याही तोंडात बसले. माझ्या माहितीतली एक म्हातारी पोकलेनला ‘कोपलेन’ म्हणते. तिला सुधरवायची माझी कधी हिंमत झाली नाही.

आता चालवायचं कसं?

शिकवायला जो आला तो माझाच जुना विद्यार्थी. बारावीला माझ्याच विषयात अडकलेला. आता जेसीबीवर ऑपरेटर आहे, महिन्याला मिळवतो ते मी इथं लिहीत नाही, स्टाफरूममध्ये वाद होतील. तो पिलूवर बसला, दोन्ही लिव्हर धरले, आणि पहिल्याच हिसक्याला बकेट खाली जायच्या ऐवजी हात पुढे फेकला गेला. त्याचंही तोंड बघण्यासारखं झालं. त्याच्या मशीनवर बूम, म्हणजे बुडाकडचा मोठा हात, डाव्या लिव्हरला होता. पिलूचा बूम उजव्या लिव्हरला. डाव्या लिव्हरनं पुढचा हात आणि अख्ख्या धडाचं फिरणं, उजव्यानं बूम आणि बकेट. जगात या दोन्ही पद्धती चालतात आणि दोघांत फक्त एवढीच अदलाबदल असते. पण हाताला एक सवय लागली की डोकं कितीही सांगो, हात ऐकत नाही. तो खाली उतरला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “सर, तुमी कोराच आहे ना, तुमाले सोपं जाईन.”

सोपं गेलं नाही. पहिला आठवडा त्यानं मला मातीला हातच लावू दिला नाही. रोज संध्याकाळी कॉलेजातून आलो की पडीत जागेत मशीन उभं करायचं आणि रिकामी बकेट हवेत फिरवायची. मग जमिनीवर एक वीट ठेवली. बकेटचा दात विटेला टेकवायचा, वीट हलली नाही पाहिजे. मी लिव्हर असे आवळून धरायचो की तासाभरानं पंजे वळायचे. त्यातून मशीन धक्के खायचं, धक्क्यानं मी हलायचो, मी हललो की लिव्हर हलायचे आणि मशीन आणखी धक्के खायचं. वर्गात याला मी फीडबॅक म्हणून शिकवतो. तो शांतपणे म्हणायचा, “सर, तुमी लिव्हरची मान पकडून राहिले. दोन बोटं ठेवा नुसती. अन् घाई काहून करता जी? मीटर थोडी चालू हाये.”

मीटर चालू नाही, हे मला खरोखरच कोणीतरी सांगावं लागलं.

खोदण्यातली पहिली चूक सगळे नवशिके करतात तीच मी केली. बकेट सरळ खाली रोवायची आणि ओढायची. इंजिन गुदमरतं, मशीनचं बूड उचललं जातं आणि माती तिथंच. माती सोलून काढायची असते. दात तिरपे लावायचे, हात जवळ ओढताना चार-पाच इंचांचा पापुद्रा घ्यायचा, तो घेत असतानाच बकेट हळूहळू आत वळवायची, आणि त्याच वेळी बूम किंचित उचलत राहायचा, नाहीतर दात खोल जाऊन अडकतात. तीन हालचाली, दोन हात, एक ओढ. सायकल शिकताना होतं तसंच झालं. सतराव्या-अठराव्या दिवशी कधीतरी डोक्यातला विचार बंद पडला आणि बकेट भरून वर आली. मी ती ओतली नाही. दोन मिनिटं तशीच धरून बघत बसलो. काळी माती, मध्ये एक पांढरा चुनखडीचा खडा, आणि एक गांडूळ. भाड्याच्या मशीनवर ही चाळीस रुपयांची चैन झाली असती.

स्वस्त मशीन घेताना आपण निम्मं मशीन घेतो आणि निम्मी डागडुजी. दर आठ-दहा तासांनी सगळ्या पिनांना ग्रीस भरायचं, नट आवळायचे. एक सिलिंडरचं इंजिन असं थरथरतं की सकाळी आवळलेला नट दुपारी हाताने फिरतो. उन्हाळ्यात मशीनचे हात हलवणाऱ्या हायड्रॉलिक तेलाची छोटीशी टाकी तापते, तेल पातळ होतं आणि हात आळसावतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत ६८ ग्रेडचं जाड तेल घालूनही सकाळी साडेपाच ते दहा एवढंच काम होतं. पुढे मशीनही झोपतं, मीही.

एकदा डावा पट्टा उतरला. चूक माझीच होती. चराच्या काठावर तिरपं उभं करून जागच्या जागी गर्रकन वळवलं. पट्टा चढवायची रीत अशी, की आधी पट्ट्याच्या आतल्या बाजूची ग्रीसची झडप हळूच सैल करायची. हळूच, कारण आतलं ग्रीस दाबाखाली असतं, तोंड समोर नेलं तर डोळा जाईल. ताण गेला की समोरची ब्लेड आणि बूम जमिनीवर दाबून मशीन उचलायचं, सब्बल, म्हणजे पहार, घालून पट्टा दातेरी चाकावर बसवायचा, आणि ग्रीस गननं पुन्हा ताण भरायचा. हे असं चार ओळींत लिहिता येतं. प्रत्यक्षात सकाळी सातला लागलो ते दीडला संपलं. सब्बल बाबांनी धरली होती, आणि पूर्ण साडेसहा तास ते एकच वाक्य थोड्या थोड्या वेळानं म्हणत होते, “बैलाचा खूर उतरत नाई.”

होज, म्हणजे त्या तेलाची रबरी नळी, फुटली ती गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगतो.

मी वीस वर्षं पास्कलचा नियम शिकवतोय. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. फळ्यावर दोन सिलिंडर काढायचे, एक लहान, एक मोठा, मोटारगाडी उचलून दाखवायची. पोरं लिहून घेतात, पुसून टाकतात. पिलूच्या बूमचा पिस्टन पाच सेंटिमीटर व्यासाचा आहे. क्षेत्रफळ साधारण वीस चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला दीडशे-एकशे साठ किलोचा दाब धरला तर एका दांड्यामागे तीन टन जोर. आकडा माझ्या तोंडपाठ होता. पण तो माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, बोटाएवढ्या रबरी नळीत वावरतोय, हे एक दिवस नळीतून फुस्स आवाज आला तेव्हा अंगात शिरलं. डोळ्यांना काही दिसेना, नुसतं धुक्यासारखं. गळती कुठंय ते चाचपायला मी हात पुढे केला, आणि माझा विद्यार्थी जो ओरडला तसा मी त्याच्यावर वर्गात कधी ओरडलो नसेन.

इंजिन बंद केलं. लिव्हर चारी बाजूंना हलवून अडकलेला दाब सोडला. मग त्यानं सांगितलं. सुईएवढ्या भोकातून एवढ्या दाबानं निघालेलं तेल कातडी फोडून आत घुसतं. वरून नुसता टोचल्याचा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत मात्र बोट सडायला लागतं. असं झालं तर तासभरसुद्धा थांबायचं नसतं, थेट ऑपरेशन. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा, जिथं तो ओला होईल तिथं भोक. “हात नाई लावाचा सर. कधीच नाई.” त्या दिवशी मी त्याची परीक्षेची जुनी उत्तरपत्रिका आठवायचा प्रयत्न केला. पास्कलवरचा प्रश्न त्यानं सोडला होता का लिहिला होता, काही केल्या आठवेना.

फुटलेली होज सोडून अमरावतीला नेली. चिनी फिटिंगचे आटे आपल्याकडच्या नेहमीच्या आट्यांशी जुळत नाहीत, म्हणून जुना नमुना समोर ठेवूनच नवी दाबून घ्यावी लागते. दुकानदारानं नमुना हातात फिरवून पाहिला आणि विचारलं, “खेळणं घेतलं काय?” मी हो म्हटलं.

आता धुऱ्याचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हे लिहिणं अर्धवट राहील.

मशीन येऊन महिना झाला असेल. एका संध्याकाळी ओळखीचा एक शेतकरी चहाला आला. इकडचं तिकडचं झालं, आणि उठता उठता म्हणाला, “मास्तर, पिलू दोन घंट्यासाठी देता काय? तेवढा आमचा धुरा सरळ करून टाकू.” आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात आणि सरळ करणे या शब्दाचा अर्थ इथल्या लहान पोरालाही कळतो. धुरा कोरणं हा आमच्या भागातला फार जुना उद्योग आहे. वखर मारताना बैल जरा दाबून घ्यायचे, दरसाल चार बोटं आत सरकायचं. शेजारी आंधळा नसतो. तोही त्याच्या बाजूनं कोरतो. अशानं दोन हातांचा धुरा वितीवर येतो, त्यावरची बोर-पळसाची झुडपं जातात, आणि मग कधीतरी मोजणीचा अर्ज, पोलीस, कोर्ट. पण बैलांच्या काळात या चोरीला एक वेग होता. माणसाला भांडायला, समजूत घालायला, अगदी शरमायलाही वर्षं मिळायची. माझं मशीन तेच काम एका दुपारी फूटभर करू शकतं.

मी नाही म्हणालो. कारण सांगितलं की तेल गळतंय. हा खोटेपणा होता, त्या दिवशी तेल गळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्याच उत्तरेच्या धुऱ्याकडून चर काढत होतो. मशीनच्या सीटवरून वावर थोडं उंचावरून दिसतं, आणि बूमचा सरळ दांडा नजरेसमोर पट्टीसारखा असतो. त्या पट्टीला धरून पाहिलं तर आमचा धुरा मधोमध पोट काढून शेजाऱ्याच्या वावरात शिरलेला. टोकं जागेवर आणि मध्ये दीड-दोन हात बाक. इतकी वर्षं पायी चालताना कधी दिसला नव्हता. इंजिन बंद केलं. बाबा निंबाखाली बसले होते. मी धुऱ्याकडे पाहतोय हे त्यांनी पाहिलं. मी काही विचारलं नाही, ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, “चर दोन हात सोडून घे तिकडून.” मी चार हात सोडून घेतला. शेजाऱ्याला यातलं काही माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. बहुधा आहे. त्याचे वडील आणि आमचे बाबा दहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते आणि त्याचं कारण घरात कोणी सांगत नसे.

पैशाचा हिशेब लोक विचारतात म्हणून तोही सांगून टाकतो. वर्षाला शे-दीडशे तास चालतं. दीडशेला बाराशेनं गुणलं तर एक लाख ऐंशी हजार होतात आणि वाटतं, अडीच वर्षांत मशीन फुकट. पण जेसीबी तासात जे करतो त्याला पिलूला अख्खा दिवस लागतो, तेव्हा तो गुणाकारच खोटा आहे. पैशाचा विचार करून कोणी घेणार असेल तर घेऊ नये. मला त्यातून मिळालं ते एवढंच, की ओळीच्या मध्ये मूळ लागलं तर मी थांबतो. खाली उतरतो, पाहतो जाडं आहे का बारीक, खुरप्यानं मोकळं करतो, चर हातभर वळवतो. माझ्या बगिच्यातले चर त्यामुळे नागमोडी आहेत. पाहुणे हसतात.

नागमोडी चालतात, उतार चुकून चालत नाही. ते मागच्या जुलैत कळलं.

पाच दिवस झड होती. उघडीप मिळताच आम्ही बगिच्यात गेलो. चरांतून पाणी वाहताना ऐकू येत होतं, छातीत असं काही भरून आलं की विचारू नका. वरच्या चार ओळी कोरड्या ठणठणीत. पाचव्या ओळीला सातव्या झाडापाशी मात्र पाणी थबकलेलं. चराला तिथं पोट पडलं होतं. पुढचा तुकडा मागच्यापेक्षा तीन-चार इंच उथळ. खोदताना मी पाण्याची लेव्हल-नळी लावून मोजलं होतं, कागदावर आकडे लिहिले होते. तो तुकडा बहुतेक मी एका रविवारी घाईत संपवला. घाई का केली, कोणासाठी केली, कोण जाणे. जुनी खोड.

बाबा काठानं चालत आले. उन्हाळ्यात याच जागी ते अनवाणी उभे राहिले होते आणि म्हणाले होते, इथं चढ लागते पायाले. मी नळी दाखवली होती.

त्यांनी तो विषय काढला नाही. साचलेलं पाणी तात्पुरतं काढायला आम्ही फावड्यानं बाजूला एक दांड पाडला. झाड सुटलं. पण चर नीट करायचा तर पिलू आत न्यावं लागणार, आणि ओल्या काळ्या मातीत पट्टे घातले तर माती कणकेसारखी तिंबली जाते, वाळल्यावर विटेसारखी होते. वाफसा यायची वाट पाहणं आलं. मातीत ओल हवी आणि हवाही हवी, ती पायाला चिकटू नये आणि ढेकूळही राहू नये. भौतिकशास्त्रात या अवस्थेची मोजमापं आहेत. बाबांची पद्धत वेगळी. वीतभर खालची मूठभर माती काढायची, दाबून लाडू करायचा, आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडून द्यायचा.

पहिल्या दिवशी लाडू पडला तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ऊन चांगलं होतं, मी सकाळीच डिझेल भरून, पिनांना ग्रीस मारून पिलू टिनाखालून बाहेर काढलं होतं. बाबांनी माती काढली. दाबली. बराच वेळ दाबली. सोडली. थप्प आवाज आला. लाडूला एक भेग गेली, पण तो फुटला नाही.

धोतराला हात पुसत ते म्हणाले, “उद्या पाहू.”

मी पिलू परत टिनाखाली लावलं आणि पहिला तास गाठायला कॉलेजला निघालो.